हॉपॅटकाँगचें तळें: कालवा, लोहमार्ग आणि एक सनद

१

इ. स. १७७५ हें साल मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सुरतेच्या तहामुळें परिचित आहे. त्या सालच्या मार्चांत राघोबादादांनीं मुंबईकर इंग्रजांशीं तह केला. मे महिन्यांत अडासच्या मैदानावर हरिपंत फडक्यांच्या फौजेची व इंग्रजांची गांठ पडली. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें जें युद्ध मिटलें त्यास तोंड लागलें. त्याच सालीं, त्याच मुंबईंत, एका स्कॉटिश घराण्यांत एक मुलगा जन्मास आला. त्याचें नांव जॉर्ज पेरॉट मॅकलॉक. राघोबादादांच्या राजकारणाशीं या जन्माचा कांहींएक संबंध नाहीं. हा मुलगा एडिंबरोस वाढला, पुढें लंडनांत व्यापारांत पडला, १८०६ सालीं अमेरिकेस गेला, आणि १८१० च्या सुमारास न्यू जर्सी संस्थानांतील मॉरिसटाउन या गांवीं घर बांधून कायमचा तेथला झाला. तें घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेलें आहे.

मुंबईचें व त्याचें नातें एवढेंच. तथापि न्यू जर्सीच्या डोंगराळ मुलुखांतील हॉपॅटकाँग नांवाच्या तळ्याचें व त्याच्या कांठच्या वस्तीचें भवितव्य ज्या कल्पनेनें ठरलें, ती कल्पना या मुंबईंत जन्मलेल्या गृहस्थाची होती. मुंबईच्या जुन्या टिपणांचा संग्रह करणारांनीं ही नोंद आपल्या वहींत घालून ठेवावी, एवढी ती खात्रीनें महत्त्वाची आहे.

या तळ्याच्या कांठची वस्ती प्रथम कालव्यानें व मागून लोहमार्गानें वाढविली, हें त्या प्रांताच्या इतिहासांत सर्वत्र सांगितलेलें असतें, व तें खरेंहि आहे. परंतु कालवा बुजविल्यानंतर ज्या पाण्यासाठीं तो होता तें पाणी तेथेंच कसें राहिलें, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. त्याचें उत्तर शोधतांना धरणापाशीं न थांबतां दप्तराकडे जावें लागतें. कालव्याच्या १८२४ सालच्या सनदेंत मुदतीचें एक कलम आहे. त्या कलमानें तळ्याच्या दैवावर जो परिणाम केला, तो दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

हॉपॅटकाँगचें तळें न्यू जर्सीच्या वायव्य भागांत, मॉरिस व ससेक्स या दोन परगण्यांच्या शिवेवर आहे. त्याची लांबी सुमारें नऊ मैल असून संपूर्णपणें त्या संस्थानाच्या हद्दींत असलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत तें सर्वांत मोठें गणलें जातें. त्यांतून निघणारी मस्कोनेटकाँग नदी नैर्ऋत्येस वाहत जाऊन डेलावेअर नदीस मिळते. तळ्याचें व नदीचें, दोन्ही नांवें तेथील मूळच्या लेनापी लोकांच्या भाषेंतील आहेत.

आज दिसणारें तळें मात्र मूळचें नव्हे. मूळांत तेथें दोन निरनिराळीं तळीं होतीं. त्यांपैकीं थोरल्यास युरोपीय वसाहतवाले ‘ग्रेट पाँड’ म्हणजे मोठें तळें म्हणत. अठराव्या शतकांत तळ्याच्या मुखाशीं ब्रुकलंड नांवाची लोखंडाची भट्टी निघाली. तिचे घण व भाते चालविण्यास पाण्याचा जोर पाहिजे म्हणून मुखाशीं बांध घातला गेला, व पाणी चढून दोन तळ्यांचें एक होऊं लागलें. म्हणजे कालव्याच्या अगोदरच हें तळें कांहीं अंशीं मनुष्यकृत झालें होतें, आणि त्याचें पाणी उद्योगाच्या कामीं बांधलें गेलें होतें. पुढील हकीगत समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

त्या डोंगरांत लोखंडाची माती विपुल. परंतु भट्ट्यांस लागणारा लांकडी कोळसा रानें तोडूनच मिळावयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आसपासचीं रानें उघडीं पडलीं आणि भट्ट्या एकामागून एक थंड होऊं लागल्या. डेलावेअर नदीच्या पलीकडे पेनसिल्व्हानियांत दगडी कोळसा अमाप होता, पण मध्यें डोंगर. बैलगाडीनें व घोडागाडीनें तो आणावा तर वाहतूकच मालाहून महाग पडे. खाणींत माती आहे, नदीपलीकडे जळण आहे, आणि दोहोंची गांठ पडत नाहीं, अशी त्या मुलुखाची अवस्था होती.

३

मॅकलॉक १८२२ च्या सुमारास या मोठ्या तळ्यावर मासे धरण्यास गेला असतां त्यास कालव्याची कल्पना सुचली, असें परंपरेनें सांगतात. गळ टाकून बसण्याची गोष्ट मागून सजविलेली असेल वा नसेल. त्याच्या योजनेचा गाभा मात्र निश्चित ठाऊक आहे. तळें डोंगराच्या माथ्याजवळ आहे. तेथून पूर्वेकडे उतरत गेलें असतां न्यूअर्क व न्यूयॉर्कचें बंदर, पश्चिमेकडे उतरत गेलें असतां डेलावेअर नदी. कालव्याची मोठी अडचण म्हणजे माथ्यावर पाणी पोहोंचविणें. येथें माथ्यावर पाणी आयतें सांठलेलें. तळ्याच्या मुखाशीं धरण उंच केलें म्हणजे एकच सांठा दोन्ही उतारांस पुरेल, हें त्यानें ओळखलें.

१८२२ च्या नोव्हेंबरांत न्यू जर्सीच्या कायदेमंडळानें या योजनेच्या चौकशीकरितां तीन आयुक्त नेमले. त्यांत मॅकलॉक होता. खर्चाचा त्याचा पहिला अदमास सुमारें तीन लाख डॉलरांचा. प्रत्यक्षांत न्यूअर्कपासून डेलावेअरकांठच्या फिलिप्सबर्गपर्यंतच्या कामास वीस लाखांहून अधिक डॉलर लागले. कल्पकता व हिशेब हे दोन्ही गुण एका ठायीं क्वचितच वसतात, याचें हें एक उदाहरण.

३१ डिसेंबर १८२४ रोजीं ‘मॉरिस कॅनाल अँड बँकिंग कंपनी’ या संस्थेस सनद मिळाली. नांवावरूनच दिसतें कीं कालवा व सराफी पेढी असे दोन व्यवहार एकाच संस्थेकडे दिलेले होते. शंभर डॉलरांचा एक याप्रमाणें वीस हजार भाग काढून वीस लाखांचें भांडवल उभारण्याची योजना होती. सनदेंतील मुदतीचें कलम असें: नव्याण्णव वर्षें पुरीं झाल्यावर सरकारास वाटल्यास योग्य मोल देऊन कालवा ताब्यांत घ्यावा, न घेतल्यास सनद आणखी पन्नास वर्षें चालावी, व ती मुदत संपल्यावर कालवा कांहीं मोल न देतां सरकारचा व्हावा. त्या वेळीं शंभर वर्षांनंतरची ही गोष्ट कोणीं फारशी मनावर घेतली असेल असें वाटत नाहीं. सनदा लिहिणारे अशीं कलमें वहिवाट म्हणून घालतात. त्यांचा अर्थ नातवंडांस कळतो.

१५ ऑक्टोबर १८२५ रोजीं या तळ्यापाशींच, कालव्याच्या माथ्यावर, पहिली कुदळ पडली. ४ नोव्हेंबर १८३१ रोजीं न्यूअर्क ते फिलिप्सबर्ग असा मार्ग पुरा झाला आणि १८३६ सालीं तो जर्सी सिटीपर्यंत लांबविला गेला. एकूण लांबी सुमारें १०२ मैल. माथा समुद्रसपाटीपासून ९१४ फूट उंच. पूर्वेस तितकेंच उतरावयाचें व पश्चिमेस डेलावेअरपर्यंत ७६० फूट; मिळून चढउतार १,६७४ फुटांचा. पुण्यामुंबईच्या वाचकांस याची कल्पना बोरघाटावरून येईल. १८६३ सालीं पुरा झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाची एकूण चढण १,८३१ फूट आहे. जवळजवळ तेवढ्याच चढउतारावर, तीस वर्षें अगोदर, मालानें भरलेल्या होड्या नेण्याचा हा उद्योग होता.

तो साधला कसा, हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. सामान्य कालव्यांत उंची बदलण्यासाठीं दारांची पेटी बांधतात. होडी आंत घेऊन पाणी भरलें वा सोडलें म्हणजे ती वर चढते वा खालीं उतरते. अशा तेवीस पेट्या या कालव्यावर होत्या. पण दीड हजार फुटांवरील चढउतार केवळ पेट्यांनीं करावयाचा तर त्या शेंकड्यांनीं बांधाव्या लागल्या असत्या व तळें त्यांतच रितें झालें असतें. म्हणून न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजांतील प्राध्यापक जेम्स रेनविक यानें सुचविल्याप्रमाणें तेवीस ठिकाणीं उतरते घाट बांधले. घाटावर लोखंडी रूळ. रुळांवर एक चाकांचा पाळणा. पाळणा पाण्याखालीं उतरे, होडी त्यावर येऊन बसे, आणि दोरानें पाळणा होडीसकट घाटावरून वर ओढला जाई. दोर गुंडाळणारें चाक फिरविण्यास बैल वा वाफ लागत नसे. वरच्या अंगाच्या कालव्याचेंच पाणी नळानें खालीं आणून त्याच्या जोरावर तें फिरवीत. सर्वांत मोठ्या घाटावर होडी एका दमांत शंभर फूट चढे. पुढें होड्याच दोन जोडभागांच्या करूं लागले, म्हणजे घाटमाथ्यावरून जातांना होडीची पाठ मोडूं नये.

येथें एक गोष्ट सहज नजरेआड होते. या डोंगरांत रुळांवरून ओझें ओढण्याची विद्या मोठ्या प्रमाणावर आणली ती कालव्यानें. आगगाडीनें ज्याचा पुढें नाश केला, त्यानेंच रूळ अगोदर घालून दाखविले होते.

४

कालवा सुरू होतांच तळ्याचें रूप पालटलें. नव्या धरणानें पाणी आणखी चढलें, जुन्या भट्टीची जागा पाण्याखालीं गेली, सखल किनारे बुडाले व टेंकड्यांची बेटें झालीं. कांठच्या वस्तीस नवीं नांवें मिळालीं. समुद्रापासून नऊशें फूट उंचावर, डोंगरांच्या कुशींत, पोर्ट मॉरिस, शिपनपोर्ट, वुडपोर्ट अशीं ‘बंदरें’ नकाशावर दिसतात. तळ्याच्या दक्षिण टोंकाच्या गांवाचें नांवच लँडिंग, म्हणजे धक्का. स्थलनामांवरून इतिहास काढणारास याहून बोलका पुरावा नको.

कंपनीची पेढी १८४१ सालीं बुडाली. कालवा मात्र टिकला, व १८४४ सालीं नव्या व्यवस्थेखालीं पुन्हां उभा राहिला. कोळसा पूर्वेस व लोखंडाची माती भट्ट्यांकडे असा माल चाले. १८६६ हें त्याच्या भरभराटीचें वर्ष. त्या एका वर्षांत ८,८९,२२० टन माल कालव्यावरून गेला. त्याच सुमारास तळ्याच्या उत्तरेकडील ऑग्डेनच्या खाणींपासून तळ्यावरील नोलन्स पॉइंट या भूशिरापर्यंत सुमारें दहा मैलांचा एक लहानसा लोहमार्ग झाला. खाणींतली माती डब्यांतून तळ्यावर यावी, तेथें होड्यांत पडावी, तळें ओलांडून कालव्यांत जावी, अशी ती सोय होती. आगगाडी येथें प्रथम आली ती कालव्याची चाकर म्हणून.

पण चाकराचा धनी होण्यास फार काळ लागला नाहीं. मॉरिस अँड एसेक्स लोहमार्ग १८४८ सालीं डोव्हरपर्यंत व १८५४ सालीं तळ्याच्या दक्षिणेकडून पुढें हॅकेट्सटाउनपर्यंत पोहोंचला होता. जो माल होडीनें चार दिवसांत जाई तो आगगाडीनें पांच तासांत जाऊं लागला. शिवाय हिंवाळ्यांत कालवा गोठे. आगगाडी गोठत नसे. १८७१ सालीं कालवा लीहाय व्हॅली रेलरोड या लोहमार्ग कंपनीनें भाडेपट्ट्यानें घेतला. कालवा चालवून तिला कधीं नफा झाला नाहीं. तिची नजर होती ती कालव्याच्या दोन टोंकांच्या, विशेषतः जर्सी सिटी येथील बंदरकांठच्या, जमिनीवर. पुढें १८८२ च्या सुमारास ऑग्डेनचा मार्ग सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीच्या मुख्य जाळ्यास जोडला गेला, आणि खाणींतल्या मातीस तळें ओलांडण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

मातीऐवजीं माणसें येऊं लागलीं. नोलन्स पॉइंटला सहलीच्या गाड्या सुटूं लागल्या. दक्षिणेस लँडिंगला लॅकवाना लोहमार्गाच्या गाड्यांतून उतरून लोक वाफेच्या होडीनें आपापल्या मुक्कामास जात. १८८७ सालीं हॉटेल ब्रेसलिन हें भव्य उतारगृह उभें राहिलें; १८९० सालीं माउंट आर्लिंग्टन हें निराळें नगर झालें. पश्चिम कांठीं १८९८ सालीं ब्रुकलिन नांवाचें नगर स्थापन झालें, व १९०१ सालीं त्यानें तळ्याचेंच नांव घेतलें. उन्हाळ्यांत हजारों पाहुणे आणि हिंवाळ्यांत मूठभर रहिवासी, असा क्रम पडला. हिंवाळ्यांतील त्या रहिवाशांस तळ्यावरील बर्फ कापून वखारींत भरण्याचें काम असे. तो बर्फ आगगाडीनें शहरांस जाई. खाणींचा उद्योग मात्र मावळत चालला. विख्यात शोधक एडिसन यानें १८८९ नंतर ऑग्डेन येथें चुंबकानें लोखंडाची माती वेगळी करण्याचा प्रचंड कारखाना उभारला. परंतु मेसाबी डोंगरांतील स्वस्त माती बाजारांत येतांच १९०० च्या सुमारास तो बंद पडला.

५

विसाव्या शतकाच्या आरंभीं स्थिति अशी होती: कालव्यावर व्यापार नांवालाच राहिला होता, पण कालव्याचा पाण्यावरील हक्क पुरा होता. गांवचें काम थांबलें तरी वतनदार वतन सोडीत नाहीं, हा अनुभव आपल्या दप्तरांत पानोपानीं आहे. येथें तोच प्रकार घडला. तळ्याकांठीं ज्यांनीं घरें व उतारगृहें बांधलीं त्यांची जमीन त्यांची होती. परंतु ज्या पाण्यामुळें त्या जमिनीस मोल आलें तें पाणी कालव्याच्या कामासाठीं कंपनीनें अडविलेलें होतें. कालवाच सोडून दिला तर धरण राखण्याचें ओझें कोणावर, आणि सांठलेलें पाणी कोणाचें? तें शहरांच्या नळांस जावें, कीं नदींत सोडून द्यावें, कीं तसेंच राहावें?

१९०३ व १९१२ सालीं सरकारनें नेमलेल्या दोन समित्यांनीं कालवा बंद करण्याची शिफारस केली. तळेकांठच्या लोकांच्या मनांत धास्ती शिरली ती यामुळें. त्यांचा पुढारी हडसन मॅक्सिम. हा स्फोटक द्रव्यांचा शोधक. प्रयोगांत त्याचा एक हात गेलेला. तळ्याकांठीं त्याची मोठी जागा होती. यानें १९१३ सालीं एक पुस्तक छापून हें तळें सर्व लोकांसाठीं सार्वजनिक उद्यान म्हणून राखावें अशी मागणी केली. ज्याची स्वतःची मालमत्ता तळ्यावर होती त्याच्या मागणींत स्वार्थ मुळींच नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. पण मागणी ‘माझ्या घरापुढचें पाणी’ अशी न मांडतां ‘सर्वांचें पाणी’ अशी मांडली, यांत तिचें बळ होतें.

लोहमार्ग कंपनीसहि निष्फळ कालवा नको होता. पण हक्क फुकट सोडावयाचा नव्हता. १९१८ सालीं वनाक्यू येथें पिण्याच्या पाण्याचा मोठा तलाव बांधण्याचें काम निघालें, तेव्हां कालव्याच्या एका पोटकालव्याचें पाणी तुटेल म्हणून कालवा कंपनीनें न्यायालयांत दावा लावला. होड्या चालत नव्हत्या, तरी कागदावर कालवा जिवंत होता, व कागदाच्या जोरावर तो शहरांचें पाणी अडवूं शकत होता.

अशा वेळीं १८२४ च्या सनदेंतील तें कलम पुढें आलें. नव्याण्णव वर्षें १९२३ च्या अखेरीस भरत होतीं. सरकारास कालवा घेण्याचा हक्क दारांत येऊन उभा होता, व आज न घेतला तरी पन्नास वर्षांनीं तो फुकट मिळावयाचा होता. कंपनीचा हक्क मोठा खरा, पण मुदतीचा. अनंत काळचा नव्हे. दोन्ही पक्षांस तडजोड पत्करणें भाग पडण्यास हें कलम मुख्य कारण झालें, असें आमचें मत आहे. १९२२ सालीं कायदा झाला, आणि १ मार्च १९२३ रोजीं कालवा सरकारच्या ताब्यांत आला. लोहमार्ग कंपनीनें दोन टोंकांच्या जमिनी स्वतःकडे ठेविल्या, म्हणजे १८७१ पासून जें तिला हवें होतें तें घेतलें. सरकारकडे कालवा, धरणें व तळीं आलीं. मोलाचें काय तें आपणांस मिळालें असें दोन्ही पक्षांस वाटलें असावें. आज शंभर वर्षांनंतर पाहतां सरकारचा सौदा अधिक दूरदृष्टीचा ठरला.

कालवा १९२४ सालीं बंद झाला, व पुढील पांच वर्षांत तो पद्धतशीरपणें मोडला गेला: पाणी सोडून दिलें, बांध फोडले, पेट्या बुजविल्या, घाटांचें लोखंड काढून नेलें. न्यूअर्क शहरानें तर कोरड्या कालव्याच्या पात्रांतूनच १९३५ सालीं भुयारी आगगाडी चालू केली. ज्या धरणासाठीं एवढें सर्व झालें तें हॉपॅटकाँगचें धरण मात्र राखलें गेलें, आणि त्यापाशीं सार्वजनिक उद्यान झालें.

६

पुढील हकीगत थोडक्यांत सांगतां येते. मोटारी आल्या, सहलीच्या गाड्या थांबल्या, नोलन्स पॉइंटचे रूळ उखडले गेले. ब्रेसलिन, ज्यास मागाहून अलामाक म्हणूं लागले, १९४८ सालीं जळालें. बर्ट्रंड आयलंडवरील करमणुकीची बाग १९८३ सालीं बंद झाली. उन्हाळ्यापुरतीं बांधलेलीं घरें बाराही महिने राहण्याचीं झालीं. लँडिंगच्या स्थानकावर आगगाडी अजून थांबते. तेथून लोक सकाळीं शहराकडे कामास जातात. कालव्याच्या पेटीवर देखरेख करणाराचें जुनें घर धरणाजवळ उभें आहे. त्यांत तळ्याच्या इतिहासाचें संग्रहालय आहे, आणि उद्यानांत घाटाचें चाक फिरविणारें एक जुनें पाण्याचें यंत्र ठेविलेलें आहे. १९७४ सालीं कालव्याच्या अवशेषांची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदींत गणना झाली, म्हणजे मोडून पन्नास वर्षें झाल्यावर.

शेवटीं जुन्या कागदांच्या संग्राहकांसाठीं एक गोष्ट. कालवा मोडण्याचें काम ज्याच्या देखरेखीखालीं झालें तो स्थापत्यविशारद कॉर्नेलियस क्लार्कसन व्हर्म्यूल. त्यानें १९२९ सालीं या कामाचा अंतिम अहवाल सादर केला, आणि आज कालव्याचा अभ्यास करणारांस तो टाळून पुढें जातां येत नाहीं. मोडणारानेंच मोडण्यापूर्वीं काय होतें याची नोंद ठेविली, असें भाग्य फार थोड्या वास्तूंच्या वांट्यास येतें. आपल्याकडे किती तट, किती पाट, किती हौद एका ओळीचीहि नोंद न होतां गेले, हें मंडळाच्या सभासदांस सांगावयास नको.

हॉपॅटकाँगच्या कांठीं आज जो मनुष्य राहतो त्याच्या घराचा पाया खडकावर असेल. पण त्याच्या खिडकींतून दिसणाऱ्या पाण्याचा पाया एका कागदावर आहे. मुंबईंत जन्मलेल्या एका गृहस्थानें तें पाणी डोंगराच्या दोन्ही अंगांस वाहील हें ओळखलें. एका अनामिक कारकुनानें मुदतीचें कलम सनदेंत लिहिलें. आणि नव्याण्णव वर्षांनीं तें कलम वाचणारा कोणी निघाला. यांपैकीं तिसऱ्याचें काम कमी महत्त्वाचें नव्हे. दप्तरें जपावयाचीं तीं अशाच वाचणाराची वाट पाहण्यासाठीं.